गाडीचा स्वस्त रंग आणि स्प्रे गनची जुळणी

घरी गाडीचा पत्रा रंगवायला घेतलेल्या माणसाचा सगळा राग शेवटी रंगाच्या डब्यावर निघतो. ओघळ आला, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत उठला किंवा चकाकी काही दिवसांत उतरली, की डबा स्वस्त होता म्हणूनच असे झाले, असा निकाल लगेच दिला जातो. माझे मत वेगळे आहे. स्वस्त रंगात उणिवा असतात हे खरे, पण त्या ठरावीक असतात, आधीच ओळखता येतात आणि त्या धरून कामाची आखणी करता येते. बहुतेक बिघाड मात्र रंग गनमधून बाहेर पडण्याआधीच, म्हणजे हवेच्या पुरवठ्यात आणि गनच्या जुळणीत झालेला असतो. तो दूर न करता महागडा रंग आणला, तर तोही तसाच ओघळतो.

आधी स्वस्त रंगात नेमके काय कमी असते ते पाहू. रंगात मुख्यतः तीन घटक असतात: छटा देणारे पिगमेंट, ते पत्र्याला धरून ठेवणारे रेझिन आणि या दोघांना प्रवाही ठेवणारे द्रावक. द्रावक उडून जाते आणि पहिल्या दोन घटकांचा थर मागे उरतो. स्वस्त रंगात पिगमेंट आणि रेझिन यांचे प्रमाण बहुधा कमी असते, त्यामुळे प्रत्येक हाताने पत्र्यावर उरणारा थर पातळ असतो आणि खालचा पृष्ठभाग लवकर झाकला जात नाही. लाल, पिवळा आणि नारिंगी या छटांमध्ये हे विशेष जाणवते, कारण या छटांची चमकदार पिगमेंटे स्वभावतःच अधिक पारदर्शक असतात. यावर उपाय म्हणजे रंगाखाली योग्य छटेचा प्रायमर, म्हणजे पायाचा थर, मारणे: फिकट रंगाखाली पांढरट किंवा फिकट करडा, गडद रंगाखाली गडद करडा. पत्र्याच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा कागद चिकटवून ठेवावा आणि त्यावरच्या पट्ट्या दिसेनाशा होईपर्यंत हात देत राहावे, म्हणजे रंग पुरेसा बसला की नाही याचा अंदाज डोळ्यांवर सोडावा लागत नाही.

दुसरी उणीव अशी, की एकाच छटेच्या दोन डब्यांत किंचित फरक निघू शकतो. अर्ध्या दारावर एक डबा आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरा असे झाले, तर तो फरक कायमचा दिसत राहतो. म्हणून सगळे डबे तळापासून नीट ढवळून आधीच एका मोठ्या भांड्यात एकत्र करावेत. गनच्या कपात ओतताना रंग कागदी गाळणीतून गाळावा. बेस कोटसाठी, म्हणजे छटा देणाऱ्या मुख्य थरासाठी, १२५ मायक्रॉनची आणि प्रायमरसाठी १९० मायक्रॉनची गाळणी सर्वसाधारणपणे चालते. स्वस्त रंगात न दळलेली कणी सापडण्याची शक्यता जास्त असल्याने हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये.

रंगाच्या जातींबद्दलही थोडे सांगायला हवे. नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला रंगारी नुसते एनसी म्हणतात, हा केवळ द्रावक उडून वाळणारा रंग आहे. ड्यूपॉन्ट कंपनीने १९२३ साली ‘ड्यूको’ नावाने तो मोटारींसाठी आणला, तेव्हा दिवसचे दिवस चालणारे वाळवण काही तासांवर आले. लवकर वाळतो, चुकले तर घासून पुन्हा मारता येतो आणि हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे वेगळे रसायन, लागत नाही, म्हणून तो आजही घरगुती कामात टिकून आहे. मात्र त्याच्यावर थिनर किंवा पेट्रोल सांडले तर तो विरघळतो. टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, रंगात हार्डनर मिसळावा लागतो, त्याचे रेझिन रासायनिक क्रियेने कडक होते आणि तो पेट्रोलला दाद देत नाही. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, आणि तो विषय पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

आता हवा. माझ्या मते घरच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. कॉम्प्रेसरच्या टाकीत किती दाब साठतो हे माणूस कौतुकाने पाहतो, पण गनला दाबापेक्षा सतत मिळणारी हवा अधिक महत्त्वाची असते. एचव्हीएलपी (हाय व्हॉल्यूम लो प्रेशर, म्हणजे जास्त हवा पण कमी दाब) जातीची पूर्ण आकाराची गन मिनिटाला साधारण ८ ते १४ घनफूट हवा खाते. घरगुती कामासाठी मिळणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरकडून प्रत्यक्षात मिळणारी हवा अश्वशक्तीमागे साधारण ३ ते ४ घनफूट असते, आणि लेबलावर छापलेला आकडा अनेकदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, बाहेर पडणाऱ्या हवेचा नसतो. परिणामी पहिले काही पट्टे सुरेख येतात, मग टाकी रिकामी होत जाते, दाब उतरतो, थेंब मोठे होतात आणि त्याच बोनेटच्या दुसऱ्या टोकाला पोत बदलतो. हा दोष रंगाचा नाही.

मोठा कॉम्प्रेसर घेणे हा एक मार्ग झाला. तो शक्य नसेल तर कमी हवा लागणारी एलव्हीएलपी (लो व्हॉल्यूम लो प्रेशर) गन किंवा ०.८ ते १.० मिलिमीटर नोझलची, म्हणजे रंग बाहेर सोडणाऱ्या तोंडाची, छोटी गन घ्यावी, एका वेळी एकच छोटा भाग रंगवावा, आणि एका हाताचे काम टाकीतली हवा उतरण्याआधी संपेल असा भाग निवडावा. छोट्या गनचा फवारा अरुंद असतो, म्हणून अख्खे छत रंगवायला ती निरुपयोगी आहे. मडगार्ड, आरशाचे कव्हर किंवा बंपरचा कोपरा यांसाठी मात्र ती मोठ्या गनपेक्षा बरी.

दाबाचा आकडा कुठे वाचावा, हाही प्रश्न आहे. कॉम्प्रेसरजवळच्या रेग्युलेटरवर ३ बार दिसत असले, तरी ६ मिलिमीटर आतील व्यासाच्या लांब नळीतून आणि अरुंद कपलरमधून जाताना त्यातला बराच दाब वाटेतच खर्च होतो. म्हणून नळी आतून ८ ते १० मिलिमीटरची घ्यावी, गनच्या बुडाशी छोटा मापक बसवावा आणि ट्रिगर दाबून हवा वाहत असतानाच त्यावरचा आकडा वाचावा. ट्रिगर सोडलेल्या अवस्थेत दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

पाण्याचेही तसेच. हवा दाबली की ती तापते, तापलेली हवा बाष्प धरून ठेवते, आणि पुढे नळीत थंड होताना ते बाष्प पाणी होऊन गळते. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावला, तर गरम हवा बाष्पासह त्यातून सरळ निघून जाते आणि पाणी त्याच्या पलीकडे सुटते. तो काही मीटर नळीनंतर, हवा थंड झाल्यावर लावावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचा नळ उघडून साचलेले पाणी काढून टाकावे. रंगावर उठलेले बारीक फोड पुष्कळदा इथूनच येतात.

गनकडे वळू. रंग हवेने फोडून त्याचे तुषार करण्याची कल्पना औषधोपचारातून आली: अमेरिकेतील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी तुषारक बनवला, आणि त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. आजच्या स्वस्त गनमध्येही रंगाची वाट उघडणारी सुई, रंग बाहेर सोडणारे नोझल आणि त्याभोवती हवा फेकणारी एअर कॅप हीच मुख्य त्रयी आहे, आणि स्वस्त गनचा कमकुवतपणाही तिथेच असतो. नोझल आणि एअर कॅप यांची मध्यरेषा तंतोतंत जुळली नाही तर फवारा एका बाजूला जड पडतो. शिवाय नव्या गनमध्ये कारखान्यातील यंत्रकामाचे तेल राहिलेले असते, आणि तेच पुढे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पाडते. म्हणून नवी गन वापरण्यापूर्वी पूर्ण सुटी करावी, थिनरने धुवावी, एअर कॅपची सगळी छिद्रे उजेडासमोर धरून पाहावीत, आणि नोझल पाना लावून नीट आवळावे.

नोझलचा आकार रंगाच्या घट्टपणावर ठरतो. बेस कोट आणि क्लिअर, म्हणजे त्यावरचा पारदर्शक थर, यांसाठी १.३ किंवा १.४ मिलिमीटर, आणि दाट प्रायमरसाठी १.७ ते २.० मिलिमीटर हा सर्वसाधारण हिशेब आहे. एकच गन घ्यायची असेल तर १.४ घ्यावी.

गनवर बहुधा तीन चाव्या असतात: एक फवाऱ्याची रुंदी ठरवणारी, एक सुईची मागे सरकण्याची मर्यादा, म्हणजे रंगाचे प्रमाण, ठरवणारी, आणि एक हवेची. हवेची चावी मी पूर्ण उघडी ठेवतो आणि दाब रेग्युलेटरवरून ठरवतो, कारण स्वस्त गनमधील ती चावी हवा मोजून सोडण्यापेक्षा अडवतेच जास्त. रुंदीची चावी पूर्ण उघडावी. रंगाची चावी पूर्ण बंद करून मग अडीच ते तीन वेढे उघडावी. ही झाली सुरुवात. खरी जुळणी कागदावर होते.

भिंतीवर मास्किंगचा कागद लावावा, गन १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर स्थिर धरावी आणि दाब १ बारवर ठेवून क्षणभर ट्रिगर पूर्ण दाबून सोडावा. कागदावर उभा लांबट ठसा उमटेल. इतक्या कमी दाबाला थेंब ठळक आणि असमान दिसतील. आता दाब पाव-पाव बारने वाढवत दर वेळी नव्या जागी ठसा घ्यावा. एका टप्प्यावर ठशाच्या मध्यातले आणि टोकाचे थेंब सारखे बारीक दिसू लागतात. तिथे थांबावे. त्यापुढे दाब वाढवला की थेंबांत फारसा फरक पडत नाही, हवेत उडणारा धूर तेवढा वाढतो आणि रंग पत्र्याऐवजी खोलीत जातो. बहुतेक एचव्हीएलपी गन गनच्या बुडाशी २ बारच्या आसपास या टप्प्याला येतात. एचव्हीएलपीची व्याख्याच अशी आहे की एअर कॅपपाशी दाब १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, यापेक्षा जास्त नसावा. अशा गनमध्ये किमान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसावा अशी अपेक्षा असते. स्वस्त रंगाला आधीच जास्त हात द्यावे लागतात, त्यामुळे हा हिशेब आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

यानंतर दुसरी चाचणी करावी, जी घरी काम करणारे बहुतेक लोक करत नाहीत. एअर कॅप पाव फेरा फिरवली की फवारा आडवा पडतो. गन स्थिर धरून रंग ओघळू लागेपर्यंत फवारावे आणि ओघळांची लांबी पाहावी. सगळे ओघळ जवळजवळ सारखे उतरले, तर हवा आणि रंग यांचे प्रमाण जुळले. मधले ओघळ लांब आणि कडेचे आखूड असतील, तर रंग जास्त, दाब कमी किंवा रंग फार घट्ट आहे. कडेचे लांब आणि मधले आखूड असतील, तर हवा जास्त आणि रंग कमी आहे. अशा वेळी दाब थोडा उतरवावा किंवा रंगाची चावी अर्धा वेढा उघडावी. एका वेळी एकच चावी फिरवावी, कारण दोन फिरवल्यावर कशामुळे काय बदलले हे कळत नाही.

ठसा केळासारखा वाकडा किंवा एका टोकाला जड येत असेल, तर चाव्या फिरवून उपयोग नाही. एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठसा घ्यावा. दोषही तिच्याबरोबर फिरला तर तिचे एखादे छिद्र तुंबले आहे. दोष होता तिथेच राहिला तर नोझलच्या टोकावर रंग वाळला आहे किंवा त्याची कड खराब झाली आहे. छिद्र लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने साफ करावे, तारेने कधीही नाही. फवारा धडधडत, तुटक येत असेल तर कपाच्या झाकणातले हवेचे छिद्र बंद नाही ना, नोझल सैल नाही ना आणि सुईभोवतीचे पॅकिंग कोरडे पडले नाही ना, हे क्रमाने पाहावे.

जुळणी ज्या रंगाने केली त्याचा पातळपणा बदलला की सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून रंग अंदाजाने पातळ करू नये. चार क्रमांकाचा फोर्ड कप किंवा डीआयएन ४ कप, म्हणजे तळाला ठरावीक छिद्र असलेले छोटे भांडे, रंगाने भरावे आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजावेत. दोन्ही कपांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे लक्षात ठेवावे. बेस कोटसाठी १४ ते १८ सेकंद हे चांगले आरंभस्थान आहे. कंपनीने तांत्रिक पत्रकात वेगळा आकडा आणि कप दिला असेल तर तोच मानावा. थंड रंग घट्ट असतो, त्यामुळे रंग, पत्रा आणि खोली साधारण २० ते २५ अंश सेल्सियसला असताना मोजणी करावी.

थिनरच्या बाबतीत मी काटकसरीच्या पूर्ण विरोधात आहे. रंग स्वस्त घ्यावा, थिनर स्वस्त घेऊ नये. सर्वसाधारण स्वस्त थिनर फार लवकर उडतो. थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धे कोरडे होतात आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. दमट हवेत एनसी रंगावर पांढरट धुके येते तेही त्यामुळेच: द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतील ओलावा साकळतो. सावकाश उडणारा थिनर किंवा त्यात थोडे रिटार्डर, म्हणजे उडणे मंदावणारे द्रावक, हा त्यावरचा उपाय आहे, आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या दिवशी काम न करणे. स्वस्त थिनर गन धुण्यासाठी ठेवावा.

प्रत्यक्ष रंगवताना गन पत्र्याला काटकोनात ठेवून खांद्यापासून हात हलवावा. मनगट फिरवले की पट्ट्याच्या टोकांना अंतर वाढते आणि रंग कोरडा पडतो. ट्रिगर पत्र्याच्या कडेबाहेर दाबावा आणि कडेबाहेरच सोडावा. प्रत्येक पट्ट्याने आधीच्या पट्ट्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकावा. स्वस्त रंग झाकत नाही म्हणून एकच जाड हात देण्याचा मोह होतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो: वरची साय आधी वाळते, खाली अडकलेले द्रावक फोड पाडून बाहेर येते किंवा पुढचे अनेक दिवस झिरपत राहून चकाकी उतरवते. मध्यम ओले हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर पृष्ठभाग सर्वत्र निस्तेज होईपर्यंत थांबावे, आणि तांत्रिक पत्रकात दिलेली वेळ त्याहून जास्त असेल तर तेवढे थांबावे. मेटॅलिक रंग असेल तर अधिक जपावे लागते, कारण कोरडा फवारा छटा उजळ करतो आणि ओला फवारा ती गडद करतो; पट्टे दिसू लागले तर शेवटचा एक हलका हात थोड्या जास्त अंतरावरून मारून कण सारखे पसरवता येतात.

आता आयसोसायनेट. टू-के रंगाचे तुषार श्वासातून आत गेल्यास दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की नंतर अत्यल्प प्रमाणही त्रास देते. धोक्याच्या पातळीला त्याचा वास येत नाही, त्यामुळे मुखवट्यातले वाफा शोषणारे कार्बनचे काडतूस संपले आहे हे नाकाला कळत नाही. धुळीचा साधा मास्क तर निरुपयोगीच आहे. यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हीच खरी व्यवस्था मानली जाते. ती घरी नसेल तर टू-के मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी घरी प्रायमर आणि बेस कोट हार्डनरविना होणारेच मारतो आणि क्लिअर मात्र बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली, असलेल्या कार्यशाळेतून मारून घेतो. त्यात एक अट पाळावी लागते: बेस कोटवर ठरावीक वेळेच्या आतच क्लिअर बसायला हवा. ती वेळ उलटली, तर बेस हलका घासून त्याचा आणखी एक हात द्यावा लागतो, म्हणून कार्यशाळेची वेळ आधी ठरवून मगच बेस मारायला घ्यावा.

एनसी रंगही निरुपद्रवी नव्हे. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी काडतुसे आणि तुषार अडवणारे फिल्टर असलेला मुखवटा, नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. द्रावकाच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि छोट्या ठिणगीनेही पेट घेतात. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सियस आहे, म्हणजे खोलीच्या नेहमीच्या तापमानाला त्याच्या वाफा पेटण्याइतक्या सुटतात. साधा टेबल फॅन वाफा बाहेर ओढायला लावला, तर वाफा त्याच्या मोटरवरूनच जातात. कॉम्प्रेसरचा दाबाचा स्विचही चालू-बंद होताना ठिणगी टाकतो, त्यामुळे कॉम्प्रेसर रंगकामाच्या जागेबाहेर ठेवावा. तिथे त्याला स्वच्छ हवाही मिळते.

काम संपताच गन धुवावी. उरलेला रंग काढून कपात थोडा थिनर घ्यावा, तो स्वच्छ येईपर्यंत फवारावा, मग सुई, नोझल आणि एअर कॅप सुटे करून ब्रशने धुवावेत. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नये, कारण त्याने आतली पॅकिंग फुगतात किंवा कडक होतात आणि सुटलेली घाण हवेच्या मार्गात शिरते. जोडताना आधी नोझल आवळावे आणि मग सुई सरकवावी, म्हणजे नोझलची कड दुखावत नाही. सुईच्या पॅकिंगला तेलाचा एक थेंब द्यावा, आणि ते तेल सिलिकॉनविरहित असल्याची खात्री करून घ्यावी.